बिडाचे पूल: ठिसूळ लोखंड दोनशे वर्षं कसं उभं राहतं

बिडाचा तवा हातातून निसटून फरशीवर पडला तर काय होतं, हे ज्यांच्या घरी त्यावर घावनं आणि आंबोळ्या होतात त्यांना सांगायला नको. पत्र्याचा तवा पडला तर फार तर कडेला पोचा येतो. बिडाचा तवा मात्र सरळ दुभंगतो. आमच्या आजीचा तवा असाच गेला. एवढा जाड, एवढा जड तवा एखाद्या बशीसारखा फुटावा हे लहानपणी मला पटेचना. लोखंड कधी फुटतं का? आजी म्हणाली, "बीड आहे ते. त्याला वाकणं ठाऊक नाही."

पुढे बऱ्याच वर्षांनी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या कालव्याकाठी चालताना मी एका छोट्या पादचारी पुलावर उभा होतो. काळा-पांढरा रंग, जाळीसारखे कठडे, मधोमध उंचवटा. कठड्यावर कारखान्याचं नाव आणि साल ओतूनच उमटवलेलं होतं: हॉर्सली आयर्न वर्क्स, १८२८. हा पूल आजीच्या तव्याच्याच जातीच्या लोखंडाचा आहे हे लक्षात आलं तेव्हा मी नकळत पाय जरा जपून टाकला. तवा ओट्याच्या उंचीवरून पडून फुटतो, आणि हा पूल जवळजवळ दोनशे वर्षं घोडे, माणसं, सायकली अंगावर घेऊन उभा आहे. हे कसं जमतं? उत्तर कळायला गणित लागत नाही. बीड कसलं असतं, कमान काय करते आणि त्या पुलावरून कोण चालायचं, या तीन गोष्टी नीट पाहिल्या की पुरे.

आधी पुलावरून कोण चालायचं ते पाहू, कारण पुलाचा आकार त्यातूनच ठरला.

बर्मिंगहॅम शहर उंचवट्यावर वसलंय. जवळ मोठी, नावा चालतील अशी नदी नाही. त्याच्या वायव्येला कोळशाचा आणि लोखंडाचा मुलूख, ज्याला धुरामुळे आणि कोळशामुळे ब्लॅक कंट्री हे नाव पडलं. खाणीतला कोळसा शहरातल्या भट्ट्यांपर्यंत न्यायचा म्हणजे चिखलाच्या रस्त्यांवरून गाड्या आणि जनावरांच्या पाठी. म्हणून १७६८ मध्ये संसदेचा कायदा करून घेऊन एका कंपनीनं कालवा खणायला घेतला. जेम्स ब्रिंडली हा त्याचा अभियंता. १७६९ मध्ये कोळशाच्या नावा शहरात यायला लागल्या आणि १७७२ पर्यंत कालवा वूल्व्हरहॅम्प्टनच्या पलीकडे पोचला.

हा कालवा शेतीच्या पाण्यासाठी नव्हता, हे आपण ध्यानात ठेवायला हवं, कारण कालवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पाटबंधारे येतात. हा वाहतुकीचा रस्ता होता, फक्त पाण्याचा. सुमारे सत्तर फूट लांब आणि सात फूट रुंद अशी अरुंद नाव, तिच्यात पंचवीस-तीस टन माल, आणि ती ओढायला काठावरून चालणारा एक घोडा. एकच! रस्त्यावर त्याच घोड्याला टन-दोन टनांची गाडी ओढताना फेस येईल. पण स्थिर पाण्यात चालण्याच्या वेगानं नाव ओढायला फार कमी जोर लागतो. सगळ्या व्यवहाराचं मर्म या एका गोष्टीत आहे. नाव सुरू करताना घोडा अंग झोकून देतो, आणि एकदा ती हलली की दोर ताठ ठेवून चालत राहतो.

म्हणून कालव्याच्या काठानं घोड्यासाठी वाट लागते. आणि ती वाट तुटून चालत नाही.

आता अडचण बघा. कालव्याला जागोजाग फाटे फुटतात. हा फाटा काचेच्या कारखान्याकडे, तो लोखंडाच्या भट्टीकडे, पुढचा दुसऱ्या कालव्याला मिळणारा. बर्मिंगहॅमच्या या जाळ्याची लांबी भरभराटीच्या काळात सुमारे १६० मैल होती, त्यातले शंभरेक मैल आजही नावांसाठी खुले आहेत. प्रत्येक फाट्याच्या तोंडाशी घोड्याची वाट पाण्यात जाऊन संपते. तिथे पूल हवाच. पण पूल खालून नाव जाईल इतका उंच हवा, वरून घोडा चढेल इतका सपाट हवा, आणि मुख्य म्हणजे घोड्याच्या मागून येणारा लांबलचक दोर त्यात अडकता कामा नये. दर फाट्याशी दोर सोडायचा, पुन्हा बांधायचा म्हटलं तर दिवस त्यातच जायचा.

सर्वांत छान युक्ती दिसते ती वाट एका काठावरून दुसऱ्या काठावर जाते तिथल्या पुलावर. समजा घोडा उजव्या काठानं चाललाय आणि पुढे वाट डाव्या काठानं आहे. साधा पूल असेल तर घोडा पुलावर चढेल, पलीकडे जाईल आणि पुढच्या बाजूला उतरेल. नाव अजून मागेच आहे. म्हणजे दोर पुलावर आडवा पडला आणि अडकला. त्यामुळे या पुलांचे दोन्ही उतार एकाच बाजूला ठेवतात. घोडा चढतो, पलीकडे जातो, जिकडून आला होता तिकडे तोंड करून उतरतो, आणि मग वळसा घेऊन पुलाच्या खालून पुढे निघतो. दोर सगळा वेळ पुलाच्या एकाच बाजूला, मोकळा. कागदावर एक आडवी रेघ काढून तिच्याभोवती सुतळी फिरवून पाहा, लगेच उमजेल. ज्यानं हे पहिल्यांदा सुचवलं त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं, कारण यात एकही हलणारा भाग नाही. नुसत्या उतारांच्या दिशा बदलल्या आणि काम झालं.

आता बीड.

लोखंडाचं खनिज कोळशाबरोबर झोतभट्टीत तापवलं की जे लोखंड वितळून खाली येतं त्यात कर्ब मुरलेला असतो, साधारण तीन-चार टक्के. हेच बीड, म्हणजे ओतीव लोखंड. कर्बानं दोन गोष्टी होतात, एक सोयीची आणि एक गैरसोयीची. सोयीची अशी की शुद्ध लोखंड वितळायला १५०० अंश सेल्सिअसच्या वर उष्णता लागते, तर कर्ब मुरलेलं लोखंड साडेअकराशे-बाराशे अंशांच्या आसपासच पातळ होतं. म्हणजे ते साच्यात ओतता येतं, पाण्यासारखं कोपऱ्याकोपऱ्यात जातं, हवा तो आकार घेतं. कठड्यावरची ती नाजूक जाळी, ती अक्षरं, सगळं एकाच ओतकामात.

गैरसोय अशी की थंड होताना त्यातला बराचसा कर्ब वेगळा पडतो आणि लोखंडाच्या पोटात ग्रॅफाइटच्या बारीक पाकळ्या तयार होतात. ग्रॅफाइट म्हणजे पेन्सिलीतलं शिसं, त्याला ताकद नाही. पोस्टाच्या तिकिटांच्या तावावर छिद्रांची रांग असते ना, तशी ही पाकळ्यांची रांग समजा. बिडाला दोन बाजूंनी ओढलं की पाकळीच्या टोकापासून चीर निघते आणि एका पाकळीवरून दुसरीवर उडी घेत आरपार जाते. पण तेच बीड दोन बाजूंनी दाबलं तर? चीर उघडायच्या ऐवजी मिटते. पाकळ्या तिथेच असतात, पण त्यांचा उपद्रव राहत नाही. म्हणून बीड ओढ जेवढी सोसतं त्याच्या कित्येक पट दाब सोसतं.

हातात खडू घ्या. वाकवला की कट्कन तुटतो. तोच खडू टेबलावर उभा धरून वरून तळव्यानं सरळ दाबा. तळवा दुखेल, खडू उभा राहील. बीड म्हणजे या बाबतीत मोठा खडूच.

आणि वाकणं म्हणजे तरी काय? एक फळी दोन विटांवर आडवी ठेवून मधोमध उभे राहा. फळी खाली झुकते. तिची वरची बाजू आकसते, म्हणजे दाबली जाते. खालची बाजू लांबते, म्हणजे ओढली जाते. आडव्या तुळईत दाब आणि ओढ दोन्ही एकदम असतात. फळी लाकडाची असेल तर दोन्ही सोसते. बिडाची तुळई खालच्या बाजूनं उलते, तीही आधी काहीच न सांगता. लाकूड करकरतं, पोलाद वाकून दिसतं. बीड गप्प राहतं आणि मग एकदम जातं.

याची किंमत इंग्लंडनं मोजली आहे. १८४७ च्या मे महिन्यात चेस्टर गावाजवळ डी नदीवरच्या रेल्वे पुलाची बिडाची तुळई गाडी जाताना मोडली आणि पाच माणसं मेली. पूल रॉबर्ट स्टीफन्सनसारख्या नामवंत अभियंत्याचा होता. तुळई ९८ फुटांची, तीन तुकडे जोडून केलेली, आणि तिला आधार म्हणून घडीव लोखंडाच्या पट्ट्या लावलेल्या. पण शेवटी बीड आडवं टाकलेलं होतं, आणि आडवं टाकलं की खालची बाजू ओढली जाणारच. माणूस मोठा असला तरी बिडाचा स्वभाव बदलत नाही.

मग कालव्यावरचे पूल का टिकले? कारण ते तुळया नाहीत, कमानी आहेत.

कमानीचं काम समजून घ्यायला शिडी पुरेशी आहे. शिडी भिंतीला टेकवून वर चढलात की तिचा पाय बाहेर सरकू पाहतो. शिडी जितकी तिरपी, तितका पाय जास्त पळतो. म्हणून खाली कुणीतरी पाय लावून उभं राहतं. आता भिंत काढून टाका आणि तिच्या जागी समोरून तशीच दुसरी शिडी टेकवा. दोघी एकमेकींना माथ्याशी रेटतात आणि खाली दोघींचे पाय बाहेर ढकलतात. ही झाली सर्वांत साधी कमान. तिच्या अंगात फक्त दाब आहे, माथ्यापासून पायापर्यंत. ओढ कुठेच नाही, पण एका अटीवर: पाय हलता कामा नयेत. म्हणून कमानीच्या पुलात जे डोळ्यांत भरत नाही तेच सर्वांत महत्त्वाचं असतं, ते म्हणजे दोन्ही काठांवरचं विटांचं आणि दगडांचं भक्कम बांधकाम. तेच शिडीचा पाय धरून उभं असतं. ते बोटभर जरी मागे सरकलं तरी कमान उघडू लागते, तिच्या अंगात ओढ शिरते, आणि बिडाला तेवढंच निमित्त पुरतं.

वजन कमानीवर एकाच बाजूला आलं तर दाबाची वाट मधल्या रेषेतून हटते, हे खरं. घोडा पुलाच्या एका कुशीवर असताना ती हटतेच. म्हणून कमान नुसत्या पातळ पट्टीची करून भागत नाही. हॉर्सलीच्या छोट्या पुलांकडे नीट पाहिलंत तर कठडा आणि कमान वेगळे नाहीत. खालची वळणदार कड, वरचा हात टेकायचा दांडा आणि मधल्या फुल्याफुल्यांची जाळी मिळून एकच ओतीव चौकट आहे. आपण जो कठडा समजून धरतो तोच पूल आहे, आणि पायाखालचं तळ हे त्या दोन चौकटींमध्ये बसवलेलं आहे. बारीक दिसणाऱ्या पुलाला जाडी मिळाली ती अशी, उंचीतून. जाळी शोभेसाठी केली असेल असं मला आधी वाटलं होतं. ती वजन वाटून घेते आणि शिवाय बीड वाचवते, हे नंतर कळलं.

प्रत्येक बाजू दोन अर्ध्या तुकड्यांची, माथ्यावर जोडलेली. तिथे जोड का, तर एवढी लांब चौकट एका ओतकामात करणं, कालव्यातून नावेवर आणणं आणि उचलून बसवणं हे तिन्ही जिकिरीचं. आणि जोड असला तरी बिघडत नाही, कारण माथ्यावर दोन्ही अर्धे एकमेकांना रेटत असतात. बोल्ट त्यांना जागेवर ठेवतात, वजन पेलतो तो दाब.

कोल्हापूरच्या शिरोलीकडे किंवा गोकुळ शिरगावला ज्यांनी फाउंड्रीत डोकावलंय त्यांना हॉर्सलीच्या कारखान्यातलं काम ओळखीचं वाटलं असतं. आधी लाकडाचा पॅटर्न, म्हणजे हव्या त्या तुकड्याची हुबेहूब प्रत. तो ओलसर वाळूत दाबायचा, वाळू ठोकून घट्ट करायची, पॅटर्न अलगद काढायचा. वाळूत राहिलेल्या पोकळीत लोखंडाचा रस ओतायचा. गोठताना आणि निवताना बीड साधारण शंभराला एक या प्रमाणात आकसतं, म्हणून पॅटर्न तेवढाच मोठा करायचा. आणि आकसणं सगळीकडे सारखं व्हायला हवं. एक भाग जाड आणि शेजारचा बारीक असेल तर बारीक भाग आधी निवतो, जाड मागून, आणि त्यांच्या खेचाखेचीत तुकडा साच्यातच तडकतो. पुलाच्या जाळीच्या सगळ्या काड्यांची जाडी साधारण सारखी दिसते त्यामागे हेही एक कारण. पॅटर्न एकदा झाला की त्यावरून कितीही पूल निघतात. बर्मिंगहॅम परिसरात हॉर्सलीचे पूल इतके एकसारखे दिसतात ते त्यामुळेच.

कारखाना टिप्टनला, कालव्याच्या जाळ्यातच. याच कारखान्यानं ॲरन मॅनबी नावाच्या लोखंडी आगबोटीचे भाग बनवले होते, जी १८२२ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडून पॅरिसला गेली. समुद्रावर जाणारी ती पहिली लोखंडी आगबोट.

आता या सगळ्या छोट्या पुलांच्या थोरल्या भावाकडे वळू. त्यासाठी अभियंता थॉमस टेलफर्डला बोलवावं लागेल.

ब्रिंडलीचा कालवा जमिनीच्या चढउतारांना वळसे घालत गेला होता. स्मेथिक गावाजवळ टेकाड आडवं आलं, खाली भुसभुशीत वाळू लागली, बोगदा जमला नाही, म्हणून कालवाच जलपाशांच्या पायऱ्यांनी टेकाडावर चढवला. जलपाश म्हणजे नाव वरखाली नेणारी दारांची टाकी. नाव चढवली-उतरवली की दर वेळी माथ्यावरचं टाकीभर पाणी खाली जातं. माथ्यावर नदी नाही. म्हणून १७७९ मध्ये बोल्टन आणि वॅट यांचं वाफेचं इंजिन बसवलं, खाली गेलेलं पाणी परत वर उपसायला. तेच इंजिन आज बर्मिंगहॅमच्या विज्ञान संग्रहालयात आहे आणि अजून चालू शकतं. पुढे जॉन स्मीटन या अभियंत्यानं टेकाड खोदून माथा १८ फूट खाली आणला. तरी नावांची गर्दी आवरेना.

१८२४ मध्ये कंपनीनं टेलफर्डला बोलावलं. त्यानं पाहिलं ते असं: कालवा म्हणजे वाकडातिकडा चर, घोड्याची वाट नावापुरती, घोडे घसरून पाण्यात पाय टाकताहेत, दोर काठावरची खडी खरवडून पाण्यात ओढताहेत आणि समोरासमोर आलेल्या नावांचे दोर एकमेकांत गुंतताहेत. त्याचा उपाय धाडसी होता. वळसे सोडायचे, टेकाड सरळ कापायचं, माथा आणखी वीस फूट खाली आणायचा, आणि दोन्ही काठांना घोड्यांसाठी वाट ठेवायची, म्हणजे जाणारे आणि येणारे वेगळे. अंतर सुमारे सात मैलांनी घटलं. हे खोदकाम कुदळ, फावडं आणि ढकलगाडीनं केलं. सत्तर फूट खोल! काठावर उभं राहून खाली पाहताना हा आकडा आकडा राहत नाही.

पण टेकाड कापलं म्हणजे टेकाडावरून जाणारा रस्ताही कापला गेला. त्यासाठी १८२९ मध्ये गॅल्टन पूल बांधला. नाव कालवा कंपनीतल्या सॅम्युअल गॅल्टन यांच्यावरून. पाण्यापासून ७० फूट उंच, एका उडीत १५० फूट लांब, २६ फूट रुंद. बांधला तेव्हा एका कमानीच्या पुलांत तो जगात सर्वांत उंच असल्याचं सांगतात. बिडाच्या सहा कमानी शेजारी शेजारी उभ्या, प्रत्येक सात तुकडे बोल्टनं जोडून केलेली, आणि कमान आणि वरचा रस्ता यांच्यामधल्या जागेत फुल्यांची जाळी. हे तुकडेही हॉर्सलीचेच.

विटांची कमान का नाही केली? दरीचे काठ नुकते खोदलेले, माती मऊ. विटांची कमान जड, आणि जड कमान काठांना जास्त रेटते. बिडाची कमान हलकी, तिचा रेटा कमी. शिवाय मध्ये खांब नाही, त्यामुळे खाली कालवा आणि दोन्ही वाटा मोकळ्या. उन्हाळ्या-हिवाळ्याच्या फरकानं एवढ्या लांब लोखंडाची लांबी दीड सेंटिमीटरपर्यंत वाढते-घटते. पाय तर पक्के बांधलेले, मग वाढलेली लांबी जाणार कुठे? कमान माथ्याशी किंचित वर उचलते आणि थंडीत परत बसते. आडव्या तुळईला यासाठी वेगळी सोय करावी लागते, कमान स्वतःच श्वास घेते.

त्याआधी पन्नास वर्षं, १७७९ मध्ये, कोलब्रुकडेलजवळ सेव्हर्न नदीवर जगातला पहिला मोठा बिडाचा पूल उभारला गेला, तो लोखंडाच्या कारखानदार घराण्यातल्या तिसऱ्या अब्राहम डार्बीनं. शंभर फुटांच्या त्या पुलाला ३७८ टन बीड लागलं, आणि त्याचे सांधे सुतारकामासारखे आहेत, खाचा आणि कूस करून बसवलेले. लोखंड हातात आलं होतं, पण ते जोडायची रीत अजून लाकडाचीच होती. सोळा-सतरा वर्षांनी टेलफर्डनं त्याच नदीवर बिल्डवासला १३० फुटांचा पूल केला तो १७३ टनांत. लांबी वाढली आणि बीड निम्म्याहून कमी झालं. नवं साहित्य मिळाल्यावर त्याचा स्वभाव ओळखायला एक पिढी जाते, ती या दोन आकड्यांमध्ये दिसते. गॅल्टन पूल त्या ओळखीनंतरचा आहे.

जाता जाता आपल्याकडचं. मुंबईच्या जुन्या गिरण्यांत बिडाचे खांब असत आणि काळा घोड्याजवळची वॉटसन हॉटेलची इमारत तर इंग्लंडहून आणलेल्या बिडाच्या सांगाड्यावर १८६० च्या दशकात उभी राहिली. खांबालाही मुख्यतः दाबच सोसायचा असतो, म्हणून तिथेही बीड चाललं.

गॅल्टन पुलावरून दीडशे वर्षांच्या आसपास गाड्या गेल्या. १९७० च्या दशकात शेजारून मोठा रस्ता झाला आणि पूल पायी आणि सायकलनं जाणाऱ्यांसाठी उरला. त्या नव्या रस्त्याला टेलफर्डचंच नाव दिलंय. पण टेलफर्डनं दरीवरून उडी मारली होती. नव्या रस्त्यासाठी दरीतच भराव टाकला आणि कालव्याला त्यातून जायला काँक्रीटचा बोगदा ठेवला. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या शेजारी आहेत. बोगद्याच्या अंधारातून बाहेर आलं की डोक्यावर ती बारीक, उंच कमान दिसते. मला त्या क्षणी टेलफर्डच्या बाजूनं फार बरं वाटलं, हे कबूल करतो.

असे पूल जपणं सोपं नाही. बीड वेल्डिंगला दाद देत नाही. एका जागी एकदम तापवलं की शेजारचा थंड भाग त्याला ओढतो आणि नवी चीर पडते. म्हणून चिरलेला तुकडा अनेकदा थंडच शिवतात: चिरेच्या आडवी छिद्रं पाडून त्यात धातूच्या पट्ट्या आणि खुंट्या ठोकून बसवतात, जखमेला टाके घालावेत तसे. गंजापासून बचावासाठी रंग, आणि पाणी साचू नये म्हणून सांधे साफ. इंग्लंड आणि वेल्समधल्या बहुतेक कालव्यांची राखण आता कॅनल अँड रिव्हर ट्रस्टकडे आहे.

बर्मिंगहॅमहून दक्षिणेला स्ट्रॅटफर्डकडे जाणाऱ्या कालव्यावर एक वेगळीच जात आहे. तिथले काही पूल मधोमध चिरलेले आहेत, मुद्दाम. दोन्ही काठांवरून बिडाचे अर्धे अर्धे पूल पुढे आलेत आणि मध्ये दोर जाईल एवढी फट. घोडा बाजूनं जातो, दोर वरून फटीत सरकवायचा, नाव खालून निघून जाते, घोडा सोडावाच लागत नाही. पण माथ्याशी दोन अर्धे टेकत नाहीत म्हणजे ती कमान नव्हे. प्रत्येक अर्धा भाग भिंतीतून निघालेल्या सज्जासारखा आहे, आणि सज्जाच्या वरच्या बाजूला ओढ येते, जी बिडाला नको असते. म्हणून ते पूल आखूडच आहेत आणि त्यावर माणसाएवढंच वजन यावं असा बेत आहे.

दोराचा विषय निघालाच आहे तर परत त्या १८२८ च्या पुलावर येतो.

चढावर आडव्या विटांच्या रांगा थोड्या वर काढलेल्या आहेत, घोड्याच्या नालांना पकड मिळावी म्हणून. त्यांवर पाय ठेवत मी माथ्याशी आलो आणि कालव्याच्या बाजूच्या कठड्यावर हात ठेवला. बोटांना खाचा लागल्या. एक नाही, ओळीनं कित्येक, तिरप्या, कुठे कुठे बोट आत बसेल इतक्या. दुसऱ्या बाजूचा कठडा मात्र सपाट. असं का, याचा उलगडा उभ्या उभ्याच झाला. घोडा पुलावरून जात असताना नाव खालच्या मुख्य कालव्यातच असते, म्हणून दोर नेहमी त्याच बाजूच्या कठड्यावर घासत जाणार.

सुती दोर लोखंड कापेल? एकटा नाही कापणार. पण दोर ओला असतो, वाटेवर घासतो, वाळूचे कण त्याच्या पिळात अडकतात. मग तो दोर राहत नाही, लांबच लांब कानस होतो. दर नावेगणिक एक घास, रोज कित्येक नावा, आणि हे शंभर वर्षांच्या वर. आजोळच्या विहिरीवर मोटेच्या नाड्यानं दगडी काठाला अशाच खाचा पाडलेल्या मी पाहिल्या आहेत. मोट बंद होऊन जमाना झाला, बैल गेले, धाव गवतानं भरली, पण खाचा होत्या.

कुठल्या बाजूनं भरलेल्या नावा येत हेही या खाचांवरून थोडं वाचता येतं. भरल्या नावेचा दोर ताठ असतो, तो जास्त खोल कापतो, रिकामीचा सैल. माझ्या पुलावर एका कुशीच्या खाचा दुसरीपेक्षा स्पष्ट खोल होत्या. कठड्याला अनेकदा रंग दिलेला आहे आणि काळ्या रंगाचे थर खाचांच्या आतही उतरलेत, पण त्या कुणी बुजवलेल्या नाहीत. सर्वांत खोल खाचेत मी अंगठा ठेवून पाहिला. आतून ती गुळगुळीत होती, पाट्यावरच्या वरवंट्यासारखी.